मधे न बोलणारा कॉम्प्युटर

आमच्या वन्संनी साठी ओलांडता ओलांडता कॉम्प्युटर बदलला. म्हणजे खोकं जुनंच, आतला कारभार बदलला. जगातल्या सगळ्यांच्या कॉम्प्युटरवर जे असतं ते पुसून टाकलं आणि लिनक्स नावाचं काहीतरी घातलं. हा शब्द घरात पहिल्यांदा आला तेव्हा आमच्या ह्यांनी विचारलं होतं, "जेवणाआधी घ्यायचं की नंतर?"

वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण. उंच, काटक, रुमालालासुद्धा इस्त्री करणाऱ्या. लग्न केलं नाही. का केलं नाही याची कारणं घरातल्या प्रत्येकाकडे वेगवेगळी आहेत, वन्संकडे एकही नाही. आमच्याच घरात मागच्या खोलीत राहतात, आणि त्या खोलीत चहाचा कप सोडा, चमचासुद्धा वाकडा पडलेला मी पाहिला नाही.

वन्सं बोलताना अडखळतात. लहानपणापासूनच. सगळ्या शब्दांना नाही. काही शब्द सुळकन बाहेर येतात, काही दारातच अडून बसतात, आणि आज कोणता अडणार ते त्यांनाही आधी कळत नाही. समोरचा थांबला तर वाक्य पुरं होतं. पण थांबतो कोण?

त्यात पाठचा भाऊ आमचे हे. सासूबाई सांगायच्या, हा वर्षाचा व्हायच्या आत बोलायला लागला आणि त्याने दोघांच्या वाटणीचं बोलून घेतलं. शाळेत, दुकानात, पाहुण्यांसमोर ताईने तोंड उघडलं की पुढचं हा सांगणार. वाईट हेतू अजिबात नाही. बसमधून उतरणाऱ्या म्हातारीला हात द्यावा तसा हा ताईच्या वाक्याला हात देतो. फक्त म्हातारीला इथे उतरायचंय का, ते विचारत नाही. एकदा स्वेटरच्या दुकानात वन्सं म्हणाल्या, "मला निळा..." झालं, ह्यांनी निळा बांधून घेतला. "निळा सोडून कुठलाही चालेल" असं ते वाक्य होतं. पण बांधलेला स्वेटर परत कशाला करायचा, म्हणून वन्संनी तो घातला. मग वन्संना निळा आवडतो असं सगळ्या घराचं ठरलं. आज त्यांच्या कपाटात बघा, आकाश उतरलंय.

बरं, ह्यांची नोकरीही ह्यांना साजेशीच होती. बस डेपोत चौकशीच्या खिडकीत. लोक "ती गाडी..." एवढंच म्हणायचे आणि हे आतून म्हणायचे, "गेली." बहुतेक वेळा ती गेलेलीच असायची, त्यामुळे ह्यांचा आत्मविश्वास फार वाढला. मागच्या वर्षी निवृत्त झाले आणि खिडकी घरी आली.

वन्संची नोकरी वेगळी. दातांच्या दवाखान्याच्या वर एक लहानसं ऑफिस आहे. तिथे लोकांची बोलणी येतात. कुणीतरी कुणाची तरी मुलाखत घेतलेली असते, कुठल्या तरी संस्थेची बैठक झालेली असते, म्हाताऱ्या माणसांनी आपल्या आयुष्याबद्दल सांगितलेलं असतं. ते कानाला हेडफोन लावून ऐकायचं आणि टाइप करून द्यायचं. पायाखाली शिलाई मशीनसारखं एक पेडल असतं. दाबलं की आवाज चालू, सोडलं की बंद, टाचेने दाबलं की थोडा मागे. वन्सं हे काम इतकी वर्षं करताहेत की घरी टीव्ही बघतानाही त्यांची टाच हलते.

तिथला एक नियम मला वन्संनीच सांगितला. माणूस जसं बोलला तसंच लिहायचं. त्याने वाक्य अर्धं सोडलं तर तीन टिंबं द्यायची आणि अर्धंच ठेवायचं. त्याला काय म्हणायचं असेल ते आपल्याला शंभर टक्के माहीत असलं तरी पुरं करायचं नाही. तो थांबला तर 'थांबले' असं कंसात लिहायचं. मी म्हटलं, "वन्सं, म्हणजे तुमच्या ऑफिसात आमच्या ह्यांना शिपाई म्हणूनसुद्धा ठेवणार नाहीत." त्या एवढ्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला.

तर असं सुखाने चाललेलं असताना ऑफिसात नवीन कॉम्प्युटर आले. जुने फार जुने झाले होते, त्यांना म्हणे आता कुणी वाली राहिला नव्हता. ऑफिसच्या मालकीणबाई तशा भल्या बाई, नेहमी घाईत असतात, एक हात फोनवर आणि एक पर्समध्ये. त्यांनी सगळ्यांच्या टेबलांवर नवीन यंत्रं ठेवली आणि म्हणाल्या, "आता तुमचं काम निम्म्यावर येईल."

नवीन यंत्र हुशार होतं. वन्संनी दोन शब्द टाइप केले की पुढचे चार ते फिकट अक्षरांत आधीच दाखवायचं. 'मी लहान असताना आमच्या' एवढं लिहावं तर पुढे फिकट 'गावी खूप मजा यायची'. आणि कानातला म्हातारा सांगत असायचा की लहान असताना त्यांच्या घराला आग लागली. बरं, एखादं बटण चुकून दाबलं गेलं तर ती फिकट अक्षरं ठळक होऊन कागदावर बसायची. वन्सं एक वाक्य लिहायच्या आणि यंत्राचं एक पुसायच्या.

ती सोय बंद करता येते असं कुणीतरी सांगितलं. वन्संनी बंद केली. दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी यंत्राने स्वतःच स्वतःला नवीन केलं आणि सकाळी पाटी लावली: 'आम्ही तुमच्यासाठी एक नवीन सोय आणली आहे.' तीच सोय. परत बंद केली, परत आली. संध्याकाळी घरी आल्यावर वन्सं न बोलता भाजी चिरायला बसायच्या आणि एवढी बारीक चिरायच्या की ती शिजवायची की गाळायची तेच कळत नसे.

त्या आठवड्यात त्यांचं पेडल बिघडलं. दवाखान्याच्या शेजारी एका दुरुस्तीवाल्याचं दुकान आहे. रेडिओ, फोन, कॉम्प्युटर, मनगटी घड्याळंसुद्धा. हा माणूस फार कमी बोलतो. गिऱ्हाईक काय बिघडलंय ते सांगत असतं तेव्हा हा स्क्रू काढत असतो. वन्सं पेडल घेऊन गेल्या आणि त्याच्या टेबलावरच्या पडद्याकडे बघत राहिल्या. काळा पडदा, वरती थोडी अक्षरं, आणि खाली एक लहानशी रेघ उघडझाप करत उभी.

"हे क-काय करतंय?" वन्संनी विचारलं.

"थांबलंय," तो म्हणाला.

"कशासाठी?"

"मी काही लिहीन म्हणून."

"आणि नाही लिहिलं तर?"

"थांबेल. त्याला कुठे जायचंय?"

एवढंच झालं. हे मला वन्संनी स्वतः सांगितलं, आणि सांगताना त्यांचा एकही शब्द अडला नाही. त्या दुरुस्तीवाल्याने मग आणखी एक गंमत दाखवली. त्याच्या त्या लिनक्समधेही शब्द पुरा करून द्यायची सोय होती. पण त्यासाठी आपण एक बटण दाबायचं. दाबलं तर सांगणार, नाही दाबलं तर गप्प. वन्सं म्हणाल्या, "वहिनी, ते विचारल्याशिवाय बोलत नाही."

आमच्या लेकीने सासरी जाताना मागे ठेवलेला एक कॉम्प्युटर माळ्यावर होता. तो वन्संनी काढला, पुसला आणि दुरुस्तीवाल्याकडून लिनक्स घालून आणला. मग रोज संध्याकाळी जेवायच्या टेबलावर सराव सुरू. हे बघून घरात जी चर्चा झाली ती मालकीणबाईंच्या ऑफिसात आली असती तर त्यांना चार दिवसांचं काम झालं असतं.

"फुकट मिळतं ना ते, म्हणून घेतलं असणार ताईने," हे म्हणाले.

लेक फोनवर म्हणाली, "नाही हो बाबा, आत्याला जुनं काही टाकवत नाही. तो माझा कॉम्प्युटर आहे ना, म्हणून."

"व्हायरस लागत नाही म्हणे त्याला," शेजारच्या काकू म्हणाल्या. त्यांना कशाचाही संसर्ग फार लवकर होतो.

वन्संना विचारलं कुणी? मी विचारणार होते, पण मलाही बोलायचं बरंच होतं.

पेडल मात्र त्या लिनक्सला काही केल्या समजेना. दाबलं की आवाज सुरू व्हायचा, सोडलं की थांबायच्या ऐवजी भलतीकडे उडी मारायचा. दुरुस्तीवाला दोनदा घरी आला, टेबलाखाली शिरला, वन्सं वरून टाइप करत राहिल्या. दोघं मिळून दुपारभरात सहा शब्द बोलले असतील. शेवटी पेडल वळणावर आलं. वन्संनी एका बाईची मुलाखत लावली, पेडल दाबलं, सोडलं, टाच मारली. आवाज आला, थांबला, मागे गेला. वन्संचा चेहरा असा झाला की मी गॅस बंद करून बघायला आले.

आता पुढचं पाऊल. हा कॉम्प्युटर ऑफिसात न्यायचा, आपल्या टेबलावर ठेवायचा आणि त्याच्यावर काम करायचं. त्यासाठी मालकीणबाईंची परवानगी हवी. वन्सं रात्री जेवताना म्हणाल्या, "मी उद्या ब-बाईंना सांगणार आहे, की हा घरचा कॉम्प्युटर..."

"कळलं, कळलं," हे म्हणाले. "मी येतो ना बरोबर. बोलायचं माझ्यावर सोड."

"अरे, पण तुला..."

"ताई, मला काही काम नाही उद्या."

ते खरंच होतं.

दुसऱ्या दिवशी दोघं गेले. मालकीणबाईंच्या खोलीत हे ऐटीत खुर्ची ओढून बसले. काय झालं ते दोघांकडूनही ऐकलंय, आणि आश्चर्य म्हणजे दोघांचंही सारखंच आहे. वन्सं म्हणाल्या, "बाई, माझ्याकडे घ-घरी एक कॉम्प्युटर आहे, त्याच्यावर माझं काम फार चांगलं होतं, तर मी तो..."

"तर ती घरूनच काम करेल म्हणते," हे म्हणाले.

बाईंचा चेहरा उजळला. "अहो, मग अडचण काय! मलाही जागा हवीच होती. किती दिवस मोठं छपाईचं मशीन घ्यायचंय, ठेवू कुठे हाच प्रश्न होता. मुलाखती पाठवत जाईन मी, तिथूनच उतरवून पाठवा. पगार तोच."

"वा!" हे म्हणाले.

वन्संचं तोंड उघडं होतं. समोर दोन माणसं एकमेकांकडे बघून हसत होती. त्यांनी तोंड मिटलं.

घरी आल्यावर ह्यांचा उत्साह काय विचारता! पुढच्या खोलीतली खिडकीजवळची जागा रिकामी केली. माझं शिवणाचं टेबल गेलं, दिवा आला, खुर्चीवर उशी आली. "बघ ताई, बसचे धक्के नाहीत, जिने नाहीत. आणि मी आहेच घरात." उशी निळी होती.

वन्संचा कॉम्प्युटर गप्प होता, पण खोली नव्हती. हे दर थोड्या वेळाने येऊन पाठीमागे उभे राहायचे. "आज कोण आहे? बाई आहे का बुवा? काय म्हणतेय?" मग पडद्यावरचं मोठ्याने वाचायचे. "'मी दार उघडलं आणि बघते तर...' बघते तर काय? चोर! चोरच असणार. ताई, चोर का?"

"ऐकते आहे रे."

"लिही, चोर लिही. वेळ वाचेल."

मी म्हटलं, "अहो, त्यांना काम करू द्या."

"मी मदत करतोय."

लिनक्समधे ती सोय बंद असते. ह्यांना बंद करायचं बटण कुठे आहे ते लग्नाला इतकी वर्षं झाली तरी मला सापडलेलं नाही.

वन्सं दिवसभर हेडफोन लावून बसायला लागल्या, कानात काही चालू नसलं तरी. जेवतानाही एक कान झाकलेला. पूर्वी ऑफिसातून येताना त्यांच्याकडे सांगायला काहीतरी असायचं, जिन्यात कोण भेटलं, दवाखान्यात कोण किंचाळलं. आता सांगणार काय? आमच्याच घरातलं आम्हाला? आणि ऑफिसातली त्यांची जागा एकदा त्या छपाईच्या मशीनने भरली की परत मिळायची नाही, हे मला कळत होतं तर त्यांना कळत नसेल?

एक दिवस सकाळी वन्सं ऑफिसला जायच्या कपड्यांत बाहेर आल्या. हे आंघोळीला गेले होते. ती वेळ त्यांनी बघूनच निवडली असणार.

"वहिनी, तुमची दा-दाढ दुखते ना? चला, दवाखान्यात. मला वरती काम आहे."

माझी दाढ दुखत होती हे खरं. पण ती मी आणखी एखादा महिना ढकलली असती. वन्संनी माझी पर्स माझ्या हातात दिली.

दातांच्या डॉक्टरने इंजेक्शन दिलं, दाढ काढली, गालात कापूस कोंबला आणि म्हणाला, "तासभर बोलायचं नाही." आयुष्यात मला असं कुणी बजावलं नव्हतं. मी तशीच फुगलेल्या गालाने जिना चढून वर गेले. मालकीणबाईंच्या खोलीचं दार उघडं होतं. वन्सं आत उभ्या होत्या. बाहेरच्या बाकावर मी बसले. वन्संची जुनी जागा समोरच दिसत होती, तिथे मशीन आलेलंच होतं, अजून प्लास्टिकमधे गुंडाळलेलं.

"बोला, बोला," बाई म्हणाल्या. "मुलाखती वेळेवर येत नाहीत का?"

"तसं नाही. मला तु-तुम्हाला सांगायचंय की..."

"पगाराचं काही आहे का?"

वन्संनी हात वर केला. रस्त्यावर पोलीस गाडी थांबवतो तसा नाही. अगदी थोडा, टेबलावरून वीतभर. बाई थांबल्या. त्यांचा फोन वाजला. त्यांनी फोनकडे बघितलं, वन्संच्या हाताकडे बघितलं आणि फोन वाजू दिला.

"मी तेव्हा जे सां-सांगायला आले होते," वन्सं म्हणाल्या, आणि शब्द अडला. मोठा अडला. मला बाकावर बसून दिसत होतं, ओठ तयार, गळा तयार, आणि दार उघडत नाही. बाईंचे ओठही हलायला लागले. मीसुद्धा पुढचा शब्द जिभेवर घेऊन बसले होते, पण जीभच माझी नव्हती, कापसामागे लाकडासारखी पडली होती. वन्संनी शब्द सोडला नाही, बदललाही नाही. उभ्या राहिल्या.

"ते वाक्य माझ्या भावाने पुरं केलं," त्या शेवटी म्हणाल्या. "ते त्याचं वाक्य होतं. माझं असं होतं, की माझा घरचा कॉम्प्युटर मला इ-इथे आणायचाय. घरी बसायचं नाहीये."

"अहो, मग तेव्हाच बोलायचं ना!"

वन्संनी हात खाली घेतला. बाईंना आपलं आपणच काहीतरी उमगलं असावं, कारण त्यांनी पर्समधून हात बाहेर काढला.

"पण इथले नवीन कॉम्प्युटर एवढे चांगले आहेत," त्या जरा हळू म्हणाल्या. "सगळे त्याच्यावरच करतात. तुम्हालाच वेगळं का हवं?"

घरातल्या सगळ्यांनी ज्या प्रश्नाची उत्तरं देऊन टाकली होती तो प्रश्न पहिल्यांदा वन्संना विचारला गेला.

"मला मधे बो-बोललेलं चालत नाही."

"कॉम्प्युटर कुठे बोलतो?"

"बोलतो. मी दोन शब्द लिहिले की पुढचे चार तो बोलतो. जन्मभर सगळे तेच करतात, बाई. निदान मी लि-लिहिताना तरी कुणी करू नये."

बाईंनी पर्स बाजूला ठेवली. मग कामाचं बोलल्या, कारण त्या मुळात कामाच्या बाई आहेत. त्या वेगळ्या कॉम्प्युटरवर लिहिलेलं बाकीच्यांच्या यंत्रावर उघडायला हवं. बिघडला तर ऑफिस दुरुस्त करून देणार नाही. आणि टेबल तर गेलं. "मागच्या अडगळीच्या खोलीत जुने कॉम्प्युटर रचून ठेवलेत. ते एका बाजूला केले तर एक माणूस बसेल. खिडकी नाही तिथे."

"चालेल."

"बघून तरी या."

"चालेल," वन्सं म्हणाल्या आणि बघायला गेल्या.

घरी आलो तर हे दारातच. "कुठे गेला होतात दोघी? न सांगता? आणि हिचा गाल काय असा? ताई, बाईंना भेटलीस का? काय म्हणाल्या? पगार वाढवला असणार!"

"उद्यापासून मी ऑफिसात ज-जाते आहे," वन्सं म्हणाल्या. "कॉम्प्युटर घेऊन."

ह्यांना आधी कळलंच नाही. मग खिडकीजवळच्या टेबलाकडे बघितलं, दिव्याकडे बघितलं. "पण तुलाच घरून काम करायचं होतं ना?"

"नाही."

"मग मला तेव्हा सांगायचंस!"

"सांगत होते."

"मग?"

"तू सांगितलंस."

माझ्या गालात अजून कापूस होता, म्हणून त्या खोलीत खरोखरच शांतता झाली. हे खुर्चीवर बसले, त्या उशीवर. ह्यांना गप्प बसलेलं मी ह्यांच्या झोपेत पाहिलंय, तेही थोडंच.

"मी वाईट म्हणून नाही गं करत," हे म्हणाले. "तू अडलीस की मलाच कसंतरी होतं. लहानपणापासून."

"माहीत आहे मला."

"मग मी काय करू?"

"थांब."

"आणि दिवसभर? तू गेलीस की मी इथे कुणाशी..." हे मधेच थांबले. डेपोतली खिडकी सुटल्यापासून ह्यांच्याकडे चौकशी करायला कुणी येत नव्हतं, ते ह्यांना बोलता येईना.

आता मी वन्संकडे बघितलं. पुढचं वाक्य काय आहे ते त्यांना माझ्यापेक्षा जास्त चांगलं माहीत होतं. त्या उभ्याच राहिल्या. ह्यांनी घसा खाकरला, टेबलावरचा हेडफोन उचलला, खाली ठेवला.

"मला दिवसभर कंटाळा येतो, ताई," हे म्हणाले.

"हं," वन्सं म्हणाल्या, आणि त्यांच्या शेजारी बसल्या. "उद्या तो कॉम्प्युटर उचलायला चल माझ्याबरोबर. मला एकटीला जि-जिना नाही झेपणार."

"येतो," हे म्हणाले. आणि तोंड उघडलं, मग परत म्हणाले, "येतो."